वर्षाची बेरीज

गेले वर्ष आमची परीक्षा पाहून गेले. मातोश्री निवर्तल्या, कन्या सासरी गेली, नव्या शाळेचा कार्यभार आला आणि बिऱ्हाडही हलले.

होम्स व राहे या अमेरिकन संशोधकांनी १९६७ साली अशा ४३ घटनांना ताणाचे गुण ठरवून दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, विवाहासारख्या मंगल प्रसंगालाही ५०! वर्षाची बेरीज ३०० च्या पुढे गेली, की आजाराचा संभव बराच वाढतो, असे त्यांचे मत. आम्ही आमचे गुण मांडले : ६३, २९, २९ आणि २०; एकूण १४१.

हे कौतुकाने आम्ही शाळेतील शिपायांना सांगितले. १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांमधील रात्री, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. आई आणि धाकटी बहीण त्याच रात्री गेली. वडिलांचे काम पुढे कायमचे सुटले.

ते शांतपणे म्हणाले, “सर, त्यात शेजारी धरले आहेत का? आमच्या गल्लीत दुखवट्याच्या घरी जेवण पाठवायला दुसरे घरच उरले नव्हते.”

आम्ही निरुत्तर झालो. मातोश्री गेल्या त्या दिवशी आमची चूल पेटली नव्हती. शेजारून पिठले-भात आला होता. आमच्या १४१ मधून तो वजा करावयाचा राहिलाच होता.