हक फिनचं पाप

प्रवासाची पुस्तकं मला फारशी रुचत नाहीत. पांढरपेशा माणूस हिमालयात जातो आणि 'मी मला सापडलो' म्हणत परत येतो. आमचे बाप गाव सोडून निघाले ते स्वतःला शोधायला नव्हे, भाकर शोधायला. तरीपण मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'नं मला धरून ठेवलं. तिसरी पाळी सुटल्यावर झोप मोडून वाचलं.

माझं इंग्रजी अडखळतं. निम्मे शब्द डिक्शनरीत सापडेनात. मग मोठ्यानं वाचायला लागलो तेव्हा उमगलं, अरे, हे पोरगं लिहीत नाही, बोलतंय! १८८५ साली अमेरिकेतल्या कॉन्कॉर्डच्या ग्रंथालयानं हेच पुस्तक असभ्य म्हणून बाहेर काढलं. ओळखीचं वाटतंय ना, दोस्तहो?

दारुड्या बापाच्या मारातून सुटलेला गोरा हक आणि मालकिणीकडून पळालेला काळा गुलाम जिम. मालकीण आठशे डॉलरला त्याला दक्षिणेत, न्यू ऑर्लिन्सला विकणार होती. दोघं तराफ्यावरून मिसिसिपीतून निघतात. कैरोपाशी ओहायो नदी मिळते. तिच्यानं वर गेलं की गुलामी नसलेली राज्यं. पण धुक्यात कैरो मागं पडतं आणि तराफा गुलामीच्या मुलखात आणखी खोल शिरतो.

त्याच धुक्यात दोघांची चुकामूक होते. पोरगं हरवलं म्हणून जिम हाका मारमारून थकतो आणि झोपतो. हक परत येतो आणि वर त्यालाच बनवतो, की तुला स्वप्न पडलं होतं. जिमला कळतं तेव्हा तो सरळ तोंडावर सुनावतो. एका गुलामाची माफी मागायला हकला पंधरा मिनिटं लागतात. पण मागतो. आमच्या खात्यातला जोडीदार एकदा जातीवरून बोलला. चेष्टाच होती म्हणे. त्याला तीन वर्षं झाली. पंधरा मिनिटं अजून सरली नाहीत.

पुढं जिमला चाळीस डॉलरला विकलं जातं. हक मालकिणीला पत्ता कळवणारी चिठ्ठी लिहितो. आणि लिहून त्याला धुतल्यासारखं, पवित्र वाटतं! मी इथं पुस्तक मिटून बसलो. गुलाम पळवणं म्हणजे चोरी, चोर नरकात जातो, हे त्याला धर्मानं शिकवलेलं. ते शिकवणंच त्याच्या आत बसून मन म्हणून बोलतंय. मग त्याला आठवतं, आपली झोप मोडू नये म्हणून जिम आपल्या वाटणीचा पहारा द्यायचा. हक चिठ्ठी फाडतो. नरक तर नरक. धर्म खोटा आहे हे त्याला कळलेलं नाहीच. आपण पाप करतोय असंच त्याला वाटतं, आणि तरी करतो. मनुस्मृती १९२७ साली महाडला जळाली. माणसाच्या आतली कोण जाळणार? हे पोरगं जाळतं.

शेवट मात्र माझ्या डोक्यात गेला. कोठडीतल्या जिमची सुटका म्हणजे टॉम सॉयरचा खेळ. मालकीण मरताना जिमला मोकळं करून गेलीय हे टॉमला ठाऊक असतं, तरी साला गंमत म्हणून त्याला उंदीर-सापांत डांबून ठेवतो. ट्वेननं इथं कच खाल्ली.

२०२४ साली पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकानं हीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगितली, 'जेम्स' नावानं. यातला जिम लपून लिहितो-वाचतो, आणि गोऱ्यांपुढं मुद्दाम अडाणी बोलतो. कालपासून ते घेतलंय. मोठ्यानंच वाचतोय.