एका मोळीचा फरक

मुलांनो, खरं सांगा, उसाच्या ट्रकमागे धावत जाऊन ऊस ओढलाय ना कधी? दौंड-शिरूरकडे राहून ज्यानं तो ओढला नाही, असा मुलगा मला अजून भेटायचा आहे!

आमचं घर दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. आजोळ मात्र शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली, की शनिवारची शाळा सुटताच मी मामांकडे पळायचो. एकदा भरल्या ट्रकमधून मामांबरोबर कारखान्यावर जायला मिळालं. निघण्याआधी मी एक लहानशी मोळी गुपचूप ओढून बांधाआड लपवली. दोस्तांसाठी!

काट्यावर आधी भरलेला ट्रक चढतो, मग ऊस उतरवून रिकामा. दोन वजनांची वजाबाकी केली की ऊस किती ते कळतं. त्या दिवशी दहा टनांच्या आसपास भरला. परतताना मला राहवेना. विचारलं, "मामा, एक मोळी कमी पडली तर काट्याला कळतं का हो?"

मामा हसले नाहीत. "काट्याला न्हाय कळायचं. पर जिनं डोक्यावरनं वर चढिवली, तिला कळतंय. तिची मजुरी टनावर हाय."

संध्याकाळी ती मोळी मी तोडणीवाल्या मावशींच्या कोपीसमोर नेऊन ठेवली. "उद्याच्या गाडीत घालते," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे कॉलेजात अणूचं केंद्रक शिकताना मला ही मोळी पुन्हा भेटली. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. प्रोटॉनवर विद्युतभार असतो, न्यूट्रॉनवर नसतो. पण वस्तुमान दोघांचं जवळजवळ सारखं! प्रोटॉन दहा टनांचा मानला, तर न्यूट्रॉन भरतो दहा टन आणि साधारण चौदा किलो. म्हणजे एक मोळी जास्त.

वेगवेगळ्या कणांचं वस्तुमान सारखं निघालं, तर शास्त्रज्ञ त्याला 'डीजनरसी' म्हणतात. असं काही दिसलं की ते कान टवकारतात. यामागे निसर्गाचा एखादा नियम तर लपलेला नाही? चॅडविकनं १९३२ साली न्यूट्रॉन शोधला आणि त्याच वर्षी हायझेनबर्गनं सुचवलं, की हे दोघे एकाच कणाची दोन रूपं समजावीत.

पण इतकं बारीक वजन करतात कसं? प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात गोल फिरतो, त्या फेऱ्यांवरून त्याचं वस्तुमान काढता येतं. न्यूट्रॉनला भारच नाही, तो चुंबकीय क्षेत्रात असा गोल फिरत नाही. मग त्याला प्रोटॉनबरोबर जोडीनं मोजायचं. जोडी जमताना गॅमा किरणाच्या रूपानं जी ऊर्जा निसटते, ती हिशेबात परत मिळवायची आणि प्रोटॉनचं वजन वजा करायचं. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक!

आणि ही चौदा किलोंची मोळी क्षुल्लक नाही बरं का. ती अंगावर आहे म्हणूनच एकटा सुटलेला न्यूट्रॉन सरासरी पंधराएक मिनिटांत फुटतो. त्यातून प्रोटॉन निघतो, एक इलेक्ट्रॉन निघतो (आपल्या मापात तो साडेपाच किलोंचा) आणि एक अतिशय हलका कण. उरलेलं वस्तुमान ऊर्जा होऊन जातं. हीच मोळी प्रोटॉनच्या अंगावर असती तर? तर प्रोटॉन फुटले असते, हायड्रोजन टिकला नसता. मग पाणी कुठलं, भीमा कुठली आणि ऊस तरी कुठला!

तंतोतंत सारख्या वजनाच्या जोड्यांचा प्रश्न आपल्या रोहिणी गोडबोले यांच्याही अभ्यासात होता. जन्म पुण्याचा, १९५२ चा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या प्राध्यापक होत्या. २०२४ साली त्या गेल्या. 'सुपरसिमेट्री' नावाची एक कल्पना आहे. ती म्हणते, प्रत्येक कणाला एक अनोळखी जोडीदार असावा. ही सममिती बिनचूक असती, तर जोडीदाराचं वस्तुमानही तेवढंच असतं. मग इलेक्ट्रॉनचा जोडीदार केव्हाच सापडला असता. तो सापडला नाही. म्हणजे असे जोडीदार असलेच तर ते खूप जड असणार. ते प्रयोगात कोणत्या खुणा सोडतील, यावर रोहिणीताईंनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक जाडजूड ग्रंथच लिहिला, २००४ साली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शोध चालू आहे, पण अजून एकही जोडीदार हाती लागलेला नाही.

हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, "न दिसणारा कण निसटला, तर त्यांना कळणार कसं?"

म्हटलं, "जे दिसतं त्याचा सगळा हिशेब मांडायचा, आणि कुठे काय कमी पडतंय ते बघायचं."

"म्हंजी मोळी चोरणाऱ्याला धरत्यात तसंच की!" मामा म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

त्यांना तेव्हाच सगळं ठाऊक होतं की काय, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.