कडेवरचं नाव

सराफ बाजारात मोडीसाठी आलेल्या चांदीत कधी एखादं पदकही असतं. मी राजाचा चेहरा नाही, आधी कड पाहतो. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण असते. '११७ मराठा' दिसलं की ती पलटण जिथे अडकली तो मेसोपोटेमियातला १९१५-१६ सालचा कूतचा वेढा आठवतो. तेच पदक भिश्तींसारख्या बिगर-लढाऊ सेवकांना मात्र काशाचं. जोखीम तीच, धातू हलका! १८३७चं 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' खास शौर्याचं. १९११पर्यंत हिंदी शिपाई व्हिक्टोरिया क्रॉसला पात्रच नव्हता, म्हणून त्याच्यासाठी तेच सर्वोच्च. ते हाती लागेल ही आशा मी ठेवत नाही. कड घासून नाव उडवलेलं पदक मात्र घेत नाही. नुसत्या चांदीचा भाव सराफालाच जास्त कळतो.