एक तोळ्याची गोळी

माझे वडील सोनार. त्यामुळे काट्यापुढे बसलेला माणूस दिसला की माझा श्वास आपोआप हळू होतो. पेनसिल्व्हेनियात मुलाकडे गेलो होतो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांच्या गॅरेजात हेच झालं. नोव्हेंबरअखेर हरणांची शिकार सुरू होणार, म्हणून ते घरीच काडतुसं भरत बसले होते. उडालेली पितळी पुंगळी दाबयंत्रात घालून पुन्हा मापात आणायची, बुडाला नवी टोपी दाबायची, दारू तोलून ओतायची, तोंडाशी गोळी बसवायची. पुस्तकात दिलेल्या कमाल मापापुढे एक कणही जायचं नाही. रेडिओ बंद, गप्पा बंद. वडिलांच्या पेढीवरही हाच नियम होता, फक्त तिथे रेडिओ नव्हता.

गोळीचं वजन विचारलं, तर म्हणाले, १८० ग्रेन. मला हसूच आलं. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा नेमका १८० ग्रेनचा ठरवला. म्हणजे बारा मासे, शहाण्णव गुंजा! शिशाचा आणि तांब्याचा एक तोळा.

दुसऱ्या दिवशी माळावर गेलो. रायफल थर्टी-ऑट-सिक्स; नावातला सहा म्हणजे १९०६ साल. निशाण आधी पंचवीस यार्डांवर. दुर्बीण नळीच्या दीडेक इंच वर असते, म्हणून नळी किंचित आभाळाकडे रोखलेली. गोळी नजरेच्या रेषेला खालून गाठते ती इथेच, आणि उतरताना पुन्हा छेदते ती पार दोनशे यार्डांपलीकडे. दुर्बिणीचा खटका शंभर यार्डांवर पाव इंच सरकवतो. म्हणजे पंचवीस यार्डांवर इंचभर सरकायला सोळा खटके. सोळा म्हटल्यावर मला आणे आठवले, ते असो.

तीन गोळ्या, तिन्हींचं मिळून एकच भोक. मी "शाब्बास!" म्हणालो. ते हसले नाहीत. "इतक्या जवळून सगळीच काडतुसं शहाणी असतात," असं काहीसं पुटपुटले आणि कागद शंभर यार्डांवर नेऊन लावला.

तिथे खरं कळलं. भोकं मध्यापासून दोन-तीन इंच वर पडत होती. ते अपेक्षितच होतं. पण दारूच्या एका मापाच्या तीन गोळ्या तळहाताएवढ्या विखुरल्या, दुसऱ्याच्या थोड्या जवळ आल्या, तिसऱ्याच्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्यात. गंमत म्हणजे हे तिसरं माप सर्वांत जोरकस नव्हतंच, मधलं होतं. प्रत्येक पुंगळी उचलून त्यांनी बुडाची टोपी उन्हात धरून पाहिली. दाब जास्त झाला तर ती चपटते. मग वहीत तारीख, वारा आणि माप लिहिलं. वडिलांची वहीही अशीच, तेलकट कडांची.

निघताना त्यांनी एक नुसती गोळी माझ्या हातावर ठेवली. विमानात ती नेता येणार नव्हती. मुलाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून आलो.