किलबिल ते बालभारत

नातीने एकदा टीव्हीवर 'बालभारत' लावलं, तर मला आधी पाठ्यपुस्तकांची 'बालभारती'च आठवली! ही मुलांची वाहिनी हैदराबादच्या ईटीव्हीची, २०२१ साली इतर भारतीय भाषांबरोबर मराठीतही सुरू झालेली.

आमच्या वेळी अख्खी वाहिनी कुठली? मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये आलं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यात दिसू लागलं. त्यात मुलांसाठी 'किलबिल'. वाड्यात एकच टीव्ही, समोर वीस-पंचवीस पोरं... आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात तीच चर्चा.

कार्टूनचे ओठ एकीकडे, मराठी दुसरीकडे, म्हणून मी कुरकुरत होते. असो. नात इंग्रजी शाळेतली, मराठीत उत्तर देईल तर शपथ! परवा दूध सांडलं आणि पटकन म्हणाली, "अरेच्चा!"

हे मी शिकवलेलं नाही.