आधी पुरावा, मग निष्कर्ष

इतिहासाच्या तासाला मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट वारंवार सांगत आलो आहे : आधी पुरावा पाहा, मग निष्कर्ष काढा. कालामांना तथागतांनी केलेला उपदेशही याच दिशेचा आहे. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ही शिस्त माणसाचा जीव वाचवू शकते, याचा प्रत्यय मला काही वर्षांपूर्वी वर्षावासातील एका पौर्णिमेला आला.

विहारात उपासक-उपासिकांनी अष्टशील घेतले होते. भिक्खूसंघाच्या भोजनदानात सकाळपासून राबणाऱ्या एक वृद्ध आजी स्वतः मात्र दोनच घास जेवल्या. माध्यान्हानंतर भोजन वर्ज्य. दुपारी चारच्या सुमारास त्यांचे कपाळ घामाने डबडबले, हात थरथरू लागले. शेजारणीने काही विचारले तर त्या एकदम तिच्यावर खेकसल्या, मग असंबद्ध बोलू लागल्या. कुणी म्हणाले, वय झाले. कुणी म्हणाले, उकाडा आहे, पडू द्या थोडा वेळ.

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी, आज परिचारिका असलेली, तिथे होती. तिने जवळ बसून विचारले, "आजी, सकाळी साखरेची गोळी घेतली होती का? दुपारी किती जेवलात?" उत्तर मिळताच तिने पेल्यात चार छोटे चमचे साखर विरघळवली. आजींनी तोंड फिरवले. "माझा उपोसथ मोडंल, पोरी." तेव्हा भंतेजी शांतपणे म्हणाले, "आजी, हे भोजन नाही, औषध आहे. आजारी भिक्खूला मध आणि काकवी माध्यान्हानंतरही घेण्याची मुभा विनयातच आहे." आजी प्यायल्या. पंधरा-वीस मिनिटांत त्या आम्हांला नावानिशी ओळखू लागल्या.

मधुमेह म्हणजे साखर वाढणे, एवढेच आपल्या मनात ठसलेले असते. ती धोकादायकरीत्या कमीही होते. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. औषध घेतले पण जेवण चुकले, श्रम अधिक झाले किंवा रिकाम्या पोटी मद्य घेतले, तर साखर घसरते. शरीर आधी इशारा देते : घाम, थरथर, धडधड, भुकेची कळ, ओठांना मुंग्या. मेंदूला साखर अपुरी पडू लागली की चिडचिड, गोंधळ, अंधूक दृष्टी, अडखळती जीभ, तोल जाणे आणि शेवटी झटके वा बेशुद्धी. रात्री घामाने भिजलेले कपडे, वाईट स्वप्ने आणि सकाळची डोकेदुखी हीसुद्धा त्याचीच खूण असू शकते. जुन्या रुग्णांत पहिले इशारे बोथट होतात. म्हणून घरच्यांची नजर महत्त्वाची.

रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी साखर तपासावी, गरज असल्यास पुन्हा द्यावी, नंतर भाकरी-पोळी खाऊ घालावी. चॉकलेट नको; त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा रक्तात उतरते. तपासणीचे यंत्र जवळ नसेल तर वाट पाहू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्यांमुळे उतरलेली साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावेच.

यात एक सामाजिक बाजूही आहे. अंगावर मळके कपडे असलेला मजूर रस्त्यात झोकांड्या खाऊ लागला, की "प्यालेला आहे" म्हणून लोक बाजूने निघून जातात. तसाच तोल इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसाचा गेला, तर त्याला खुर्ची मिळते, पाणी मिळते. लक्षणे तीच, निवाडा माणसाच्या कपड्यांवरून. माणूस पाहण्याआधीच त्याच्याविषयी मत ठरवून टाकण्याची ही सवय किती जुनी आहे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. जर्जर शरीर घेऊनच त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला धम्म दिला. तो धम्म देह झिजवायला सांगत नाही. सिद्धार्थानेही कठोर उपवास सोडून सुजाताची खीर स्वीकारली, तेव्हाच पुढची वाट उघडली. कुणी काळजी न घेतलेल्या आजारी भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली, ही कथा आपण प्रार्थनेनंतर मुलांना सांगतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढीच विनंती. उपोसथ धरण्यापूर्वी मधुमेही वडीलधाऱ्यांच्या औषधांविषयी डॉक्टरांना विचारा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहताना त्यांच्या पिशवीत साखरेची पुडी ठेवा. आणि वसतिगृहात इन्शुलिन घेणारे लेकरू असेल, तर ही लक्षणे अधीक्षकांपासून स्वयंपाकघरातील मावशींपर्यंत आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या मित्रापर्यंत सर्वांना ठाऊक असू द्या. रात्री त्याला घाम फुटेल, तेव्हा सर्वांत जवळ तो मित्रच असेल.

जय भीम!