दिंद्रुडची एक रात्र

बीड जिल्ह्याच्या माजलगांव तालुक्यांतील दिंद्रुड येथें मीं कांहीं वर्षें शिक्षकी केली. यंदा दिवाळीनंतर पुन्हां जाणें झालें. शिवारांत ज्वारी हिरवी होती, पण कित्येक घरांना कुलपें होतीं. मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें ऊसतोडीस गेलीं होतीं. या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. माणसास हत्याराचें नांव मिळावें, यांतच सारें आलें!

माझ्या जुन्या बिऱ्हाडाच्या ओट्यावर बसलों असतां पंचवीस वर्षांपूर्वींची एक रात्र आठवली. वर्गांतील एका मुलास घेऊन त्याचे आईबाप फडावरून लपतछपत आले होते. उचल फिटेना, हिशेब विचारला तर मुकादमानें मुलास अडकवून ठेवण्याची धमकी दिली. तेव्हां रात्रींच कोपी सोडून तीं निघालीं. एका ट्रकवाल्यानें पोत्यांआड बसविलें, एका म्हातारीनें भाकरी बांधून दिली, एका पुजाऱ्यानें दिवसभर ओवरींत लपविलें. कोणीं नांव विचारलें नाहीं. शेवटचा मुक्काम आमच्या माजघरांत झाला.

पहाटे मुकादम दारीं आला. "गुरुजी, तीं इकडे आलीं काय?" ज्या तोंडानें मुलांना सत्य बोलण्याचा पाठ दिला, त्याच तोंडानें मी म्हणालों, "नाहीं."

वाचकहो, अमेरिकेंतही गुलामांना मुक्त प्रदेशीं पोहोंचविणारी एक गुप्त वाट होती. तिला 'भूमिगत रेल्वे' म्हणत. पण तिला रूळ नव्हते, होतीं तीं रात्रीं उघडणारीं दारें. १८४९ सालीं स्वतः निसटलेली हॅरिएट टबमन सुमारें १३ वेळां माघारी जाऊन सुमारें ७० जणांना सोडवून आली. तेथील गुलामगिरी मोडण्यासाठीं झटलेल्या सज्जनांनाच जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला.

ऊसतोड मजूर कोणाची विकत घेतलेली मालमत्ता नव्हे, हें अंतर मोठें आहे. पण दुसरेंही एक अंतर आहे. तेथें १८५० च्या कायद्यानें पळणाऱ्यास आसरा देणाराच गुन्हेगार ठरे. आमच्या १९७६ च्या कायद्यानें वेठबिगाराचें कर्जच रद्द होतें, आणि त्यास सोडविण्याचा भार जिल्हाधिकाऱ्यावर आहे. म्हणजे त्या रात्रीं कायदा आमच्या बाजूस होता, तरी आम्हीं दिवा मालवून कुजबुजत होतों!

खोटें बोलल्याचा मला पश्चात्ताप नाहीं. दार उघडून तो कायदा मुकादमास ऐकविण्याचें धैर्य झालें नाहीं, याचा मात्र आहे.